समृद्धीवरची गाडी आणि तरावीहनंतरचा प्रवास

देवळाली प्रवरातली मुले पूर्वी नोकरीसाठी फार तर पुणे, नाशिक, संभाजीनगरपर्यंत जायची. नागपूर म्हणजे दुसरे टोक. जायला अख्खा दिवस आणि यायला अख्खा दिवस, म्हणून तिकडे गेलेला मुलगा ईदलाच घरी दिसायचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि हे गणित बदलले. पुढे टप्प्याटप्प्याने काम होत ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही खुला झाला, म्हणजे सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला. पण आमच्या घरापुरती समृद्धी शिर्डीलाच संपते. तिथून राहाता, बाभळेश्वर, कोल्हार करत राहुरी फॅक्टरी आणि आत वळले की घर.

माझा थोरला मुलगा नागपूरला आहे. त्याने मागच्या वर्षी एका सहकाऱ्याची वापरलेली गाडी घेतली. नवी घेतली असती तर कर्ज काढावे लागले असते आणि व्याजाचा विषय घरात आला की पुढचे आठ दिवस दुसरा विषय निघत नाही. जुनी गाडी मिळाली, पण ती सगळ्या सोयींची मिळाली. पुढच्या गाडीशी अंतर आपोआप राखणारी आणि रस्त्याच्या पट्ट्यांच्या मधोमध स्टिअरिंग धरून ठेवणारी. पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मोहल्ल्यातली पोरे जमली आणि दोन दिवसांत गावात बातमी झाली, की मास्तरीणबाईंच्या पोराची गाडी ड्रायव्हरशिवाय चालते.

ती तशी चालत नाही, हे मला लगेच सांगावेसे वाटले, पण पोरांना ते ऐकायचे नव्हते. विज्ञान शिकवत असल्याने मला मात्र ती कशी चालते याचीच उत्सुकता जास्त होती.

मुलाने दस्तरखानवर बसून समजावले ते असे. साधा क्रूझ कंट्रोल म्हणजे एक वेग ठरवून द्यायचा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. गाडी तोच वेग धरते. पुढे कोणी आले तर ब्रेक आपणच दाबायचा. हा जो नवा प्रकार आहे, ॲडॅप्टिव्ह म्हणतात तो, त्यात पुढच्या बाजूला रडार असते. रडार रेडिओ लहरी सोडते, त्या पुढच्या गाडीवर आपटून परत येतात. किती वेळात आल्या त्यावरून अंतर कळते आणि परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्येत जो फरक पडतो त्यावरून पुढची गाडी आपल्यापेक्षा किती हळू किंवा जोरात आहे ते कळते. आम्ही नववी-दहावीला रेल्वेच्या शिट्टीचे उदाहरण देतो, जवळ येताना आवाज चढा आणि लांब जाताना उतरता, तोच नियम. पुढची गाडी मंदावली की आपली मंदावते, ती बाजूला झाली की आपली पुन्हा ठरलेल्या वेगाला जाते. पट्ट्यांचे काम कॅमेरा करतो. तो आतल्या आरशामागे काचेला लावलेला असतो, रस्त्यावरच्या पांढऱ्या-पिवळ्या रेघा पाहतो आणि स्टिअरिंगची विजेची मोटर हलकेच चाक वळवून गाडी मध्यभागी ठेवते. हात काढले तर काही सेकंदांत घंटी वाजते.

आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो, हे सगळे ऐकत होते. अब्बांनी श्रीरामपूर डेपोत एसटी चालवली, तीसेक वर्षे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, हे ते आजही अशा अभिमानाने सांगतात जणू स्टिअरिंगवर तेच होते. (तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.) त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रेघच नसेल तर?"

घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे. पण त्या प्रश्नाची धार कोणत्याही भाषेत तीच राहील. नगर-मनमाड रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना उत्तर सांगायला नको.

मुलगा म्हणाला, "मग बंद होतं, दादाअब्बा. हिरवं चिन्ह पांढरं होतं."

"आवाज होतो?"

"कधी होतो, कधी नुसतं चिन्ह बदलतं."

अब्बांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. त्यांचे समाधान झाले नव्हते, हे मला कळले.

या यंत्राचा जन्म कसा झाला ते मी नंतर वाचले आणि वर्गात मुलांनाही सांगितले. क्रूझ कंट्रोलचा शोध लावणारा राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनियर अंध होता. पाच वर्षांचा असताना अपघातात त्याची दृष्टी गेली. असे सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा, आणि शेजारी बसलेल्या टीटरला त्या हिसक्यांचा वैताग यायचा. डोळे असलेल्यांच्या लक्षातही न येणारी ती गोष्ट त्याला अंगावर जाणवत होती. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते यंत्र गाडीत बसवले. कंपनीने त्याला नाव दिले ऑटो-पायलट. म्हणजे काम पायाचे आणि नाव वैमानिकाचे, ही खोड पहिल्या दिवसापासूनची आहे. आपल्याकडे रडार-कॅमेऱ्याच्या या सोयी २०२१ च्या सुमारास एमजी ॲस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांतून मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. त्यानंतर चालकाच्या सीटवरून उठून मागे बसलेल्या, स्टिअरिंगवर पाय ठेवलेल्या बहाद्दरांचे व्हिडिओही आले. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या जगभर मानल्या जातात. त्यात ही गाडी दुसऱ्या पायरीवर आहे, आणि दुसऱ्या पायरीवर गाडी माणूसच चालवत असतो, यंत्र हात देते इतकेच.

पावसाळ्यानंतर मुलगा घरी आला होता, तेव्हा आम्ही जालन्याला माझ्या बहिणीकडे गेलो. अब्बा पुढे बसले. समृद्धीवर चढल्यावर मुलाने बटणे दाबली, वेग शंभरावर ठेवला. कारला सपाटीवर १२० ची परवानगी आहे, पण अब्बा शेजारी असताना त्याने ती वापरली नाही. खरे सांगायचे तर मला ते फार आवडले. पुढे एक टेम्पो होता, आमची गाडी त्याच्या मागे ठरावीक अंतरावर जणू दोरीने बांधल्यासारखी चालत होती. हिसका नाही, धक्का नाही. मागच्या सीटवर मला गाडी लागते, त्या दिवशी लागली नाही. मुलाचा उजवा गुडघा कॉलेजपासून दुखरा आहे, तो पाय लांब करून बसला होता. अब्बा पुढच्या टेम्पोकडे आणि रस्त्याकडेच्या खांबांकडे पाहत ओठांत काही मोजत होते. दुआ चालली असेल असे मला वाटले. ते सेकंद मोजत होते. टेम्पो एका खांबापाशी गेला की मोजायला सुरुवात, आपण त्या खांबापाशी पोचलो की थांबायचे. एसटीत त्यांना असेच शिकवले होते.

"अंतर बरोबर ठेवतेय," त्यांनी कबूल केले. "माझ्यापेक्षा बरं ठेवतेय. मी चिडलो की जवळ जायचो. ही चिडत नाही."

दहा-पंधरा मिनिटांनी मात्र त्यांनी नातवाकडे पाहिले आणि म्हणाले, "तू कुठे आहेस?"

"इथंच आहे की."

"मघाच्या पुलाखालून गेलो तेव्हा वर कोण उभं होतं?"

मुलाला सांगता आले नाही. मलाही नाही. वर दोन मेंढपाळ उभे होते, म्हणे.

अब्बांचे म्हणणे असे, की पाय आणि हात कामात असतात तोवर डोळ्यांना कामावर राहावे लागते. पायाचे काम काढून घेतले की डोळे रजेवर जातात. नुसते पाहत बसणे हे चालवण्यापेक्षा अवघड काम आहे. एसटीत रात्रीच्या गाडीला कंडक्टर झोपला तर ड्रायव्हरला झोप यायची, म्हणून ते कंडक्टरला बोलते ठेवायचे. मला नंतर गंमत वाटली, कारण लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रचालकांबद्दल जवळपास हेच लिहून ठेवले आहे. यंत्र जितके चांगले, तितका माणूस नुसता पहारेकरी होतो. मग यंत्राला न जमणारा सर्वांत कठीण क्षण आला की ऐनवेळी त्यालाच हाक मारली जाते, तीही त्याचा सराव सुटलेला असताना.

तो कठीण क्षण समृद्धीवर कोणता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उभा ट्रक. टायर फुटलेला, डिझेल संपलेला, नाहीतर ड्रायव्हर झोपायला थांबलेला. आणि इथेच रडारची जुनी अडचण आहे. रस्त्याकडेचे फलक, कठडे, पूल हे सगळे रडारला दिसतात, आणि ते सगळे उभेच असतात. प्रत्येक उभ्या वस्तूला पाहून गाडी ब्रेक मारू लागली तर मागचा येऊन आदळेल. म्हणून अशा यंत्रणांत हलणाऱ्या वस्तूंना महत्त्व आणि मुळातच उभ्या असलेल्यांना कमी, अशी मांडणी केली गेली. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार मिळून पाहतात, त्यामुळे सुधारणा झाली आहे. तरीही मुलाच्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, की थांबलेले वाहन ओळखले जाईलच असे नाही, विशेषतः वेग जास्त असताना. पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला झाली आणि तिच्या पुढे उभा ट्रक असला, तर आपल्या गाडीला वाटते रस्ता मोकळा झाला, आणि ती वेग वाढवू लागते. हे वाचून मी पुस्तिका मिटली आणि थोडा वेळ तशीच बसले.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्या भागात त्याहून जास्त बोलले गेले ते १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या अपघाताबद्दल. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनीबस वैजापूरच्या हद्दीत ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. सैलानीला आमच्या भागातूनही सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात. त्या मिनीबसचा आणि या यंत्रणेचा काही संबंध नाही. पण मध्यरात्र, सरळ रस्ता, दमलेली माणसे आणि पुढे ट्रक, हे चित्र माझ्या मुलाच्या वाटेवरचे आहे. १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर सव्वाशे मीटरच्या वर.

समृद्धी उतरल्यावरचा रस्ता वेगळाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्याकडे ऊस चालतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या मागे चार-पाच फूट लोंबणारा. पुढच्या वाहनाच्या मागे माल लोंबत असेल तर त्याचा नीट अंदाज येणार नाही, हेही पुस्तिकेत आहे. लिहिणाऱ्याने आमची ट्रॉली पाहिली नसावी, पण त्याचे बरोबर आहे. रडारला लोखंड आधी जाणवणार, उसाची टोके त्याच्या अलीकडे. ट्रॉली वीसच्या वेगाने, गाडी ऐंशीच्या. म्हणजे मधले अंतर सेकंदाला सोळा-सतरा मीटरने कमी होत जाते. डिपर मारलेल्या दिव्यात ती पन्नास मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. त्यात टायरगाड्या, उलट बाजूने येणारे मोटारसायकलवाले, कोल्हारच्या बाजाराची गर्दी. अब्बांनी त्यावर एक हुकूमच काढला: शिर्डीला समृद्धी उतरली की बटण बंद, फॅक्टरीपर्यंत गाडी माणसाने चालवायची. मुलाने तो मानला, कारण त्या रस्त्यावर रेघ हरवली की स्टिअरिंग एकदम सैल पडते, हा अनुभव त्यालाही येत होता.

एवढ्यावर विषय संपला असता. पण रमजान आला.

तेव्हा मुलाने बेत कळवला. शुक्रवारी तरावीह झाली की साडेदहाला निघतो, रात्री रस्ता मोकळा असतो, सेहरीला घरी. बरोबर सून आणि दीड वर्षाची नात. मी नको म्हटले. तो म्हणाला, "अम्मी, आधीच्या गाडीत असतो तर मीही आलो नसतो. ही गाडी सांभाळते."

त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. थकलेल्या माणसाच्या हाती साधी गाडी असण्यापेक्षा रेघ ओलांडली की चाक परत आणणारी, पुढे काही आले की ओरडणारी गाडी असणे केव्हाही बरे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली काही तरी अशा एका घंटीने वाचली असती. माझी हरकत घंटीला नव्हती. ती घंटी आहे म्हणून ज्या वेळी निघायला नको त्या वेळी निघायचे, याला होती. पहाटे साडेचारला सेहरीला उठलेला माणूस, दिवसभर रोजा, ऑफिस, इफ्तार, पोटभर जेवण, उभ्याने तरावीह, आणि मग ५२० किलोमीटर. म्हणजे पहाटे चारला, वैजापूर मागे टाकताना, तो चोवीस तास जागा असणार. झोपेला जी वेळ सर्वांत सोपी, ती रस्त्यावर.

सफरमध्ये रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे आपल्या घरांत लहान मुलालाही माहीत असते. पण ती घ्यायला धडधाकट तरुणांना संकोच वाटतो, जणू कमीपणा आहे. सफर नेमकी केव्हापासून धरायची याचेही तपशील आहेत, ज्याला शंका असेल त्याने आपल्या मौलानांना विचारावे. मी मुलाला तेवढेच सांगितले, की सवलत देणाऱ्याला तुझा थकवा तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटी फोन अब्बांनी घेतला. त्यांनी रागावणे वगैरे केले नाही. म्हणाले, "तुझ्या गाडीला झोप येत नाही, मान्य. पण तिला उभा ट्रक दिसेल की नाही याची खात्री तिला बनवणाऱ्यानेही दिलेली नाही, तूच वाचून दाखवलंस. म्हणजे ट्रक तू बघायचा. आणि तू झोपेत. मग त्या पोरीसाठी कोण बघणार?"

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग सुनेचा आवाज आला, "दादाअब्बा, आम्ही फजरनंतर निघतो."

ते शनिवारी फजर पढून निघाले. मुलगा रात्री पाच-सहा तास झोपला होता. अब्बांनी या वेळेत आणखी एक फायदा काढला: सकाळी नागपूरहून पश्चिमेला येताना सूर्य पाठीवर राहतो, डोळ्यांत नाही, आणि काचेमागच्या कॅमेऱ्यालाही समोरचा झगझगीत सूर्य सोसत नाही. दोनदा थांबत, पोरीला फिरवत, एकच्या आत घरी आले. परतताना रविवारी जोहरआधी मुलाला कैलुल्यासाठी अर्धा-पाऊण तास अंधार करून झोपवले आणि जोहर पढून पाठवले. पुन्हा सूर्य पाठीवर. इफ्तार वाटेत केला. खजूर आणि पाणी सुनेच्या हाताशी दिले होते, म्हणजे अजानच्या वेळी चालवता चालवता शोधाशोध नको.

पूर्ण रमजानमध्ये ते दोनदा आले, एरवी चारदा आले असते. मला त्याचे वाईट वाटले, हे लपवत नाही. मुलगाही थोडा रुसलेला होता. त्याच्या मते आम्ही दोघे जरा जास्तच भितो, आणि कदाचित त्याच्या पिढीत या गाड्या इतक्या सुधारतील की तो म्हणतो तेच खरे ठरेल.

अब्बांनी यात आपला भाग वेगळाच शोधला आहे. गाडी दारात आली की ते ओले फडके घेऊन बंपरच्या मधोमध असलेली रडारची काळी पाटी पुसतात, मग आरशासमोरची काच. आमच्याकडची धूळ आणि उसाच्या रस्त्याचा चिखल एका फेरीत दोन्ही झाकून टाकतो. मग टायर हाताने दाबून पाहतात, कारण काँक्रीटवर शेकडो किलोमीटर सलग पळून टायर तापतात.

आणि सून गाडी शिकते आहे. हा विचार तिचाच. पाचशे किलोमीटर एकट्याने चालवायचे म्हणून तर सगळी भांडणे. निम्मे तिने चालवले तर? नागपूरला तिचे लर्निंग लायसन्स निघाले. सुट्टीत ती इथे राहायला आली की अब्बा तिला कालव्याकडेच्या रिकाम्या रस्त्यावर नेतात. मी मागे नातीला घेऊन बसते. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "दादाअब्बा, ते बटण कधी वापरायचं?" ते म्हणाले, वर्षभर नाही. तिने सहा महिने मागितले आहेत, अजून ठरलेले नाही.